राघू घरात आहे, आता काय?

२०१५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा पोलिस ठाण्यात एका पोपटाला चौकशीसाठी आणलं गेलं. तक्रार होती पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजींची. सावत्र मुलाशी त्यांचा मालमत्तेचा वाद. त्यानं पोपटाला असं तयार केलंय की मी त्याच्या घरावरून गेले की तो मला शिव्या देतो, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी आजी, मुलगा आणि 'हरियल' नावाचा तो पोपट अशा तिघांनाही ठाण्यात बोलावलं. हरियल ठाण्यात एक अक्षर बोलला नाही. शेवटी त्याला वन विभागाच्या हवाली करण्यात आलं. (हरियल हे नाव खरं तर आपल्या राज्यपक्ष्याचं, हिरव्या कबुतराचं. पण पोपटांना नावं ठेवताना एवढं कोण बघतो.)

देशभरातल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी हसत हसत छापली. तिच्यातल्या तीन गोष्टी मात्र हसण्यावारी गेल्या, आणि घरात पोपट बाळगण्याचा सगळा प्रश्न त्या तीन गोष्टींत आलेला आहे. एक म्हणजे, देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच मुळात गुन्हा आहे. पण शिव्यांचा विषय निघेपर्यंत त्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. दुसरी, पोपट ठाण्यात गप्प बसला यात नवल काहीच नाही. परक्या जागी, खाकी गर्दीत, घाबरलेला पोपट अंग चोरून गप्पच बसतो. तिसरी, त्याला शिव्या आल्याच असतील तर त्या इतक्या पटकन का आल्या? आपण शिव्या जशा मनापासून देतो तसं 'राम राम' म्हणत नाही, म्हणून. इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका वन्यजीव उद्यानात २०२० साली आलेल्या पाच आफ्रिकन ग्रे पोपटांनी एकमेकांच्या संगतीत शिव्यांचा असा सपाटा लावला की त्यांना काही काळ लोकांच्या नजरेआड ठेवावं लागलं. लोक हसायचे, म्हणून पोपट आणखी द्यायचे.

राजुऱ्याहून गोंडपिपरी, मग आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्ली, एटापल्ली करत सूरजागडच्या डोंगरांकडे निघालं, की पोपट पिंजऱ्याबाहेर कसा असतो ते दिसायला लागतं. सूरजागडचं नाव आता लोहखनिजाच्या खाणीमुळे आणि लाल धुळीनं माखलेल्या ट्रकांमुळे बातम्यांत असतं. पण माडिया गोंडांसाठी हा डोंगर ठाकूरदेवाचा आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. साग, ऐन, बिजा, मोह, तेंदू अशा मिश्र जंगलात तीन जातींचे पोपट आहेत. सगळ्यांच्या ओळखीचा तो कंठवाला, नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी असलेला. त्याच्याहून बराच मोठा, जाड लाल चोचीचा आणि खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट. याला कुणी करण म्हणतात, आणि पिंजऱ्यात याला भाव जास्त. तिसरा लहान, नराचं डोकं जांभळट लाल, उडताना टुई टुई करणारा, म्हणून तुईया.

यातला एकही पक्षी एकटा राहत नाही. सकाळी थवा निघतो, दिवसभर एकमेकांना हाका मारत खातो, संध्याकाळी शेकड्यांनी एका झाडावर उतरून अंधार पडेपर्यंत गलका करतो. पळस फुलला की फुलातला मध पितो, मोह गळायला लागला की मोहावर असतो, शेतात मका-ज्वारी भरली की शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. पोपट वनातला साधूपुरुष वगैरे काही नाही. अर्धं फळ खातो आणि अर्धं खाली टाकतो. पेरूच्या बागेवाल्याला विचारा.

त्याचं घर म्हणजे झाडाची ढोली. पोपट स्वतः सहसा ती कोरत नाही. सुतार पक्ष्यानं किंवा तांबटानं कोरलेली, नाहीतर फांदी मोडून पडलेली पोकळी तो चोचीनं मोठी करून घेतो. हिवाळा सरता सरता मादी तीन-चार अंडी घालते, तीन आठवड्यांहून थोड्या जास्त दिवसांनी पिल्लं निघतात आणि साधारण दीड महिन्यानं ती उडण्याजोगी होतात. पिल्लं काढणारे नेमके त्याआधी येतात, कारण अंगावर पिसं नसलेलं पिल्लू हातानं भरवलं तरच 'माणसाळतं' असं गिऱ्हाईकाला वाटतं. ढोलीत हात जात नसेल तर कुऱ्हाडीनं तोंड फोडतात. एका विणीची पिल्लं गेली ती गेलीच. शिवाय फोडलेल्या ढोलीत पाऊस शिरतो, घोरपड शिरते, आणि पुढच्या वर्षी तिथे ना पोपट येतो, ना मैना, ना पिंगळा. ढोली धरायला झाड जुनं लागतं. जिथे जुनी झाडं कमी होत आहेत तिथे फोडलेली एकेक ढोली म्हणजे पुढच्या कित्येक पिढ्यांचं नुकसान. खाणीसाठी तुटणाऱ्या झाडांची निदान कागदावर गणती होते. ढोल्यांची कुणीच करत नाही.

आता कायद्याकडे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. देशी रानपक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. पोपट पूर्वी चौथ्या अनुसूचीत होता. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तो दुसऱ्या अनुसूचीत गेला. पकडणं, विकणं, विकत घेणं, बाळगणं हे सगळंच गुन्ह्यात येतं, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी होऊ शकते. 'आम्ही विकत नाही घेतला, वादळात पडलेला सापडला', 'आमच्याकडे वीस वर्षांपासून आहे', 'पिंजऱ्याचं दार उघडंच असतं' ही वाक्यं दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतात. कायद्यापुढे त्यातलं एकही टिकत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं तर २०१५ साली, म्हणजे राजुऱ्याचा प्रकार घडला त्याच वर्षी, पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे असं स्पष्ट म्हटलं.

तरीही ओसरीत पिंजरा टांगलेला असतो. बाजूच्या छत्तीसगडमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये वन विभागानं घरातले पोपट जमा करण्याचं फर्मान काढलं. लोकांत इतकी खळबळ माजली की काही दिवसांतच कारवाईला स्थगिती द्यावी लागली. त्यात सरकारचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण प्रश्न खरा होता. हजारो पोपट एका दिवसात जमा झाले तर ठेवायचे कुठे? नुसते सोडून दिले तर मरतील. हातानं वाढवलेल्या पोपटाला शिकरा म्हणजे काय ते माहीत नसतं, थवा त्याला लगेच सामावून घेत नाही, आणि पंखांत बळ नसतं. 'एकादशीला पोपट सोडला' म्हणून पुण्य मिळवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मोठ्या पिंजऱ्यात इतर पोपटांबरोबर काही महिने ठेवून, उडायला आणि रानातलं खायला शिकवून मगच सोडतात. ते काम नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या ठिकाणचं. घरच्या गच्चीवर ते होत नाही.

एटापल्ली-भामरागडकडच्या माणसाला नागपूर लांब आहे. त्या भागात जखमी-पोरक्या प्राण्यांचं एक जुनं ठिकाण मात्र आहे: हेमलकसा. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथेच राहिले. शिकार करून आणलेल्या माकडिणीच्या छातीला चिकटलेलं जिवंत पिल्लू डॉ. आमट्यांनी मागून घेतलं, तिथून प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात झाली, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. त्यात आपल्या विषयासाठी कामाचा एक धडा आहे. पोट भरण्यासाठी शिकार करणाऱ्या माडियांना त्यांनी कायद्याचा धाक घातला नाही. पिल्लाच्या बदल्यात धान्य-कपडा दिला, आणि हळूहळू लोक आपणहून पिल्लं आणून द्यायला लागले. पोपटाच्या बाबतीत जबाबदारी उलट बाजूला जास्त आहे. ढोलीत हात घालणाऱ्या पोराला मिळतात ते थोडे पैसे. मोठा नफा शहरातल्या बाजारात होतो, आणि मागणी तुमच्या-आमच्या बाल्कनीतून येते.

म्हणजे देशी पोपट नवा आणायचा नाही, इथवर वाद नाही. पण घरात आधीच असलेल्याचं काय? आणि ज्यांनी रीतसर परदेशी जात आणली आहे त्यांचं? पुढचं त्यांच्यासाठी.

पोपटाचा पिंजरा बघितला की घराची ओळख पटते. आपल्याकडचा नेहमीचा पिंजरा गोल, तारेचा, वर कडी. आत आडवी एकच गुळगुळीत दांडी. पोपट त्यात पंख पसरू शकत नाही. शेपूट तारांना घासून तुटते. खालच्या वाटीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, सकाळपासूनची, दुपारपर्यंत आंबलेली. बाजूला लाल-हिरवी मिरची. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट, कारण 'त्याला आवडतं'. मिरचीचं एक बरं आहे, पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरचीतला जहाल पदार्थ ज्या जागी सस्तन प्राण्यांना झोंबतो ती जागा पक्ष्यांत तशी काम करत नाही. तेव्हा मिरचीनं पोपटाची जीभ सुटते ही समजूत सोडून द्या, पण मिरची खुशाल द्या; तिच्यात अ जीवनसत्त्व आहे आणि पिंजऱ्यातल्या पोपटांना नेमकं तेच कमी पडतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पोपट वरून गुबगुबीत दिसतो आणि आतून त्याच्या यकृतात चरबी साठते. पालेभाजी, गाजर, पेरू, भोपळा, मोड आलेली मटकी, थोडं धान्य, असा बदलता आहार हवा. चहा, चॉकलेट, कांदा, मीठ नको, आणि अव्होकाडो तर पोपटाला विषच.

घरात एक धोका असा आहे की तो माहीत नसला तर पोपट पाच मिनिटांत मरतो. नॉनस्टिक तवा गॅसवर विसरून तापला की त्याच्या थरातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पक्ष्याला मात्र मारतो. पक्ष्याची श्वास घेण्याची यंत्रणा आपल्याहून कितीतरी कार्यक्षम, म्हणून विषही तितक्याच वेगानं आत जातं. पोपट असलेल्या घरात स्वयंपाकघर आणि पिंजरा एका खोलीत नको. कासवछाप, अगरबत्ती, फवारे हेही जपून. दुसरा धोका उलट दिशेचा, पक्ष्याकडून माणसाला. पोपटज्वर हा जिवाणूंचा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे येतो. १९२९-३० साली आजारी पोपटांच्या व्यापारातून तो युरोप-अमेरिकेत पसरला आणि माणसं दगावली. घाबरून जायचं कारण नाही. पिंजरा कोरडा झाडू नये, ओल्या कापडानं पुसावा. पोपटवाल्या घरात कुणाला ताप-खोकला हटत नसेल तर डॉक्टरला घरात पोपट आहे हे सांगावं. नाहीतर डॉक्टर न्यूमोनियाची औषधं बदलत बसतात.

झोप दहा-बारा तास, अंधारात. आपल्याकडे टीव्ही रात्री अकराला बंद होतो आणि पोपट हॉलमध्येच असतो. सकाळी तो चिडचिडा असला की घरचे म्हणतात, स्वभावच तापट आहे.

शिकवण्याबद्दल विचारलं की दहापैकी नऊ जण बोलायला शिकवणं समजतात. विठू विठू, मिठू मिठू, पाहुणे आले की 'या बसा'. हे खूप जुनं आहे. बाई बाहेर जाऊ नये म्हणून रात्रीमागून रात्र गोष्ट सांगणारा संस्कृत शुकसप्ततीतला शुक मराठीत शुकबाहत्तरी होऊन आला, आणि अर्थ न कळता घोकणाऱ्याला आपण पोपटपंची करणारा म्हणू लागलो. यातलं पोपटपंची हे पोपटावर अन्यायाचं आहे, असं गेल्या पन्नास वर्षांतलं संशोधन वाचल्यावर वाटतं. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकी संशोधिकेनं १९७७ मध्ये दुकानातून अॅलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे आणला. २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याला शंभरावर शब्द येत होते. वस्तूचा रंग, आकार, कशाची आहे हे तो सांगायचा, सहापर्यंत मोजायचा आणि दोन वस्तूंत 'काय सारखं' विचारलं तर उत्तर द्यायचा. त्याला शिकवायची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक माणूस शिक्षक, दुसरा विद्यार्थी. दोघं पोपटासमोर एखादी वस्तू घेऊन बोलतात, विद्यार्थ्यानं नीट सांगितलं की वस्तू त्याच्या हातात. पोपट बघतो, जळतो आणि मध्ये तोंड घालतो. बक्षीस म्हणून खाऊ मिळत नाही, जी वस्तू मागितली तीच मिळते.

पोपट मुळात आवाज का उचलतो, याचं साधं उत्तर व्हेनेझुएलातल्या चिमुकल्या पोपटांनी दिलं. कार्ल बर्ग यांच्या चमूनं २०११ मध्ये दाखवलं की आईबाप ढोलीतल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात आणि पिल्लं पुढे ती आपल्या नावासारखी वापरतात. ऐकून आवाज उचलणं ही पोपटाची थव्यात राहण्याची गरज आहे. घरात थवा म्हणजे तुम्ही. म्हणून तो तुमची भाषा, कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचं भुंकणं सगळं उचलतो. आवाज त्याच्या श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्रातून निघतो आणि जिभेनं त्याला आकार मिळतो. 'जीभ सोलली की स्पष्ट बोलतो' म्हणून वस्तरा चालवणारे अजून भेटतात. ती निव्वळ क्रूरता आहे. कंठवाला, पहाडी आणि बजरीगर बोलतात, त्यातही बहुधा नर जास्त. पक नावाच्या एका बजरीगरची गिनीज बुकात १,७२८ शब्दांची नोंद आहे. तो १९९४ मध्ये गेला. रेकॉर्ड लावून पिंजऱ्याजवळ सोडल्यानं फारसं काही होत नाही. समोर बसून, त्या त्या वेळी, भावनेनं बोललेलं उचललं जातं. दार उघडताना 'आलो', पेरू देताना 'पेरू'. आणि जे पोपटाच्या तोंडून ऐकायचं नाही ते त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचं नाही. राजुऱ्याला लागू, तुमच्या घरालाही.

पण बोलणं हे शिकवण्यातलं सगळ्यात कमी गरजेचं अंग आहे. पोपट हातावर आपणहून यावा, पिंजऱ्यात आपणहून जावा, टॉवेलात गुंडाळताना आणि डॉक्टरच्या डब्यात बसताना त्यानं जीव खाऊ नये, एवढं आलं तर तो खरा शिकलेला.

ते कसं, ते एकदा जवळून बघू. सकाळचं खाणं द्यायच्या आधीची वेळ निवडा. त्याचा सगळ्यात आवडता खाऊ शोधा, समजा शेंगदाण्याचा बारीक तुकडा, आणि तो वाटीतून काढून टाका. आता तो फक्त शिकण्याच्या वेळी. एक झाडूची काडी आणि एक बॉलपेन घ्या. काडीचं टोक तारांतून आत करा. पोपट घाबरला, मागे सरकला, तर काडी लांब न्या आणि थांबा. कधीतरी तो कुतूहलानं चोच लावतो. चोच लागल्या क्षणी पेनचं बटण टक् करा आणि लगेच तुकडा द्या. टक् म्हणजे 'हे बरोबर'. हात तोंडाशी जाईपर्यंत वेळ जातो, आवाज मात्र नेमक्या क्षणी पोचतो. चार-पाच वेळा झालं की बंद करा, त्याचा उत्साह टिकून असताना. दोन-चार दिवसांत काडी जिकडे तिकडे तो. मग काडीच्या मागे त्याला दांडीच्या या टोकाहून त्या टोकाला न्या, मग पिंजऱ्याच्या दारात, मग तुमच्या मनगटाच्या पलीकडे काडी धरा म्हणजे तिच्याकडे जाताना पाय तुमच्या हातावर पडेल. हात तुम्ही त्याच्या अंगावर नेत नाही, तो हातावर येतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. पिंजऱ्यात परत गेल्यावर सगळ्यात मोठा खाऊ द्या, नाहीतर तो आत जायचं नाव घेणार नाही.

चावला तर? चोचीवर टिचकी मारू नका, ओरडू नका. ओरडणं त्याला नाटक वाटतं, आणि पोपटाला नाटक आवडतं. चावण्याआधी तो सांगतो. डोळ्यातली बाहुली भराभर लहान-मोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपूट पंख्यासारखी पसरते, अंग मागे झुकतं. हे वाचायला शिकणारा माणूस फारसा चावला जात नाही. वयात येतानाचे काही महिने पोपट विनाकारण चावरा होतो. त्या काळात कित्येक घरांत तो 'बिघडला' म्हणून कुणाला तरी देऊन टाकतात. तो काळ जातो.

केकाटणं हे दुसरं गाऱ्हाणं. तुम्ही खोलीतून गेलात की तो हाक मारतो, कारण थव्यातून एक दिसेनासा झाला. तुम्ही 'गप्प बस' म्हणत परत आलात, म्हणजे हाक लागू पडली. याला उपाय असा, की तो शीळ घालतो किंवा शब्द बोलतो तेव्हा दुसऱ्या खोलीतून लगेच उत्तर द्यायचं आणि केकाटेल तेव्हा नाही. घरातल्या सगळ्यांनी हे पाळलं तर महिन्याभरात फरक दिसतो. आजोबांनी गुपचूप दाणा दिला की सगळं मुसळ केरात.

पण मुळात एकटेपणच जास्त असेल तर हे सगळं वरवरचं. पिसं उपटून छाती उघडी केलेला पोपट बघितला की समजावं, हा दिवसभर एकटा असतो. आरसा हा त्यावर उतारा नाही. आरशातल्याला भरवण्यात काही पोपट दिवस घालवतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आणि ग्लासगोतल्या संशोधकांनी अठरा पोपटांना घंटा वाजवून एकमेकांना व्हिडिओ कॉल करायला शिकवलं, आणि पोपट खरोखर ठरावीक मित्रांना बोलावू लागले. गंमत आहे, पण थवा द्यायचा तर पडद्यावरचा द्यावा लागतो यातच पाळण्याच्या कल्पनेची उणीव उघडी पडते.

परदेशी जातींबद्दल थोडक्यात. आपल्या बाजारात ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाचा बजरीगर असतो; खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. बजरीगर आणि कॉकटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात निपजतात, जोडीनं ठेवले तर एकमेकांत रमतात, आणि नव्या माणसाला तेच झेपण्यासारखे. आफ्रिकन ग्रे, मकाव, कोकाटू यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे. ग्रेला तर या व्यापाराबाबतच्या २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत सर्वांत कडक यादीत टाकलं. अशा जाती घरात असतील तर २०२४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. ग्रे चाळीस-पन्नास वर्षं जगतो. पंचेचाळिशीत हौसेनं आणलेला ग्रे मृत्युपत्रात घालावा लागेल.

आमचा कंठवालाच तिकडे लंडनच्या बागांत पिंजऱ्यातून सुटून गेल्या पन्नास-साठ वर्षांत हजारोंनी वाढला आहे, तिथले लोक त्याच्या गोंगाटाला कंटाळलेत. एकदा थवा जमला की हा पक्षी थंडीलाही पुरून उरतो.

माझं मत विचाराल तर देशी पोपट पाळणं हा जिव्हाळ्याचा विषय राहिलेला नाही, तो चोरीच्या मालाचा विषय आहे, आणि तो कितीही लाडात वाढवला तरी माल चोरीचाच. पण ज्यांच्या घरात दहा-पंधरा वर्षांचा राघू आहे त्यांना गुन्हेगारासारखं वागवून पोपटांचं भलं होणार नाही. ते पोपट लपवले जातील, आजारी पडले तर डॉक्टरकडे नेले जाणार नाहीत. वन विभागानं जिल्ह्याच्या ठिकाणी ठरावीक मुदतीत विनाशिक्षा नोंद करून घ्यावी, पायात कडी घालावी, तब्येत तपासावी. जे पोपट रानात परतू शकतात ते घेऊन जावेत आणि उरलेले मरेपर्यंत त्याच घरात राहू द्यावेत, पण बदली नवा नाही या अटीवर. गडचिरोली-चंद्रपुरापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

तोवर एवढं करा. मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पडलेलं पिल्लू दिसलं तर घरी नेऊ नका. वर ढोली दिसत असेल आणि हात पोचत असेल तर परत ठेवा, आईबाप माणसाच्या वासानं टाकून देत नाहीत. जखमी असेल, किंवा बाजारात कुणी टोपलीत पिल्लं घेऊन बसलेला दिसला, तर १९२६ या क्रमांकावर वन विभागाला कळवा. कीव येऊन विकत मात्र घेऊ नका. तुम्ही दिलेल्या पैशात पुढच्या वर्षीची ढोली फुटते.